निशाबाईंचा तिसरा रकाना

ओव्हाळबाईंबद्दल लिहायला बसलोय, तर एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पहिली दोन वर्षं मला त्या बाई अजिबात आवडत नव्हत्या. आवडाव्यात असं त्यांनी काही केलंही नव्हतं. मी सदाशिव पेठेतून कसब्यातल्या आमच्या शाळेत पायी येतो. वीस मिनिटं लागतात आणि रोज पाच मिनिटं उशीर होतो. ह्या बाई वाघोलीहून स्कूटरवर, नगर रस्त्याची सगळी गर्दी अंगावर घेऊन, प्रार्थनेच्या दहा मिनिटं आधी हजर. वर दारातच मला विचारणार, "सर, आज वाटेत फार ट्रॅफिक होतं का?" आता सांगा, अशा माणसाबद्दल प्रेम कुठून वाटणार.

पूर्ण नाव निशा दशरथ ओव्हाळ. विषय इतिहास. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. बोलणं तर इतकं कमी, की पहिला आठवडाभर आम्ही त्यांना गरीब समजत होतो. मग एके दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी सहज म्हणालो, "साखर सोडली की गुडघे दुखायचे थांबतात."

बाईंनी वहीतून मान वर न करता विचारलं, "कोण म्हणतं?"

"आमचे शेजारी."

"डॉक्टर आहेत का ते?"

"नाही. झेरॉक्सचं दुकान आहे त्यांचं."

बाई नुसत्या "अच्छा" म्हणाल्या. त्या 'अच्छा'नं माझ्या शेजाऱ्यांची, माझी आणि माझ्या दोन्ही गुडघ्यांची अब्रू गेली. तेव्हापासून आमच्या खोलीत कोणी "म्हणे" हा शब्द वापरायचं बंद झालं. उद्या पाणी येणार नाही म्हणे, सुट्टी जाहीर होणार म्हणे, असं काही तोंडातून निघायचा अवकाश, की कोपऱ्यातून शांतपणे यायचं, कोण म्हणतं?

ही खोड त्यांना वडिलांनी लावली. दशरथ ओव्हाळ खडकीला कारखान्यात होते. निशाबाई दहा वर्षांच्या असताना ते त्यांना समोर बसवून पेपर मोठ्यानं वाचायला लावायचे आणि प्रत्येक बातमीनंतर विचारायचे, कोण म्हणतं? मंत्री म्हणतात. पुढची? पोलीस म्हणतात. पुढची? "सूत्रांकडून समजतं, बाबा." "बरं. हे सूत्र राहतं कुठं?" रविवारी विहारातून आले की मुलांना सांगायचे, कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, अगदी मी सांगितलं म्हणूनही नाही. मुलगी हे मनावर घेईल अशी त्यांची कल्पना नसावी. लग्नाच्या वेळी स्थळ आलं, मुलगा इंजिनीयर आहे म्हणाले, तर हिनं विचारलं, कोण म्हणतं? तो नव्हता.

आता मूळ गोष्टीकडे येतो. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा संस्थेनं आमच्या शाळेला वीस टॅबलेट भेट दिले. त्यात मुलांसाठी शोधायची सोय होती. मराठीत प्रश्न लिहायचा, की पाठ्यपुस्तकं, कोश, संग्रहालयं असल्या भरवशाच्या ठिकाणांहून उत्तर यायचं. जाहिराती नाहीत, नाचगाणी नाहीत. आणि उत्तर नसलं, तर पडद्यावर सरळ अक्षरं यायची, "या विषयावर खात्रीची माहिती मिळाली नाही." मुख्याध्यापकांनी हार घालून फोटो काढले आणि वीसच्या वीस टॅबलेट कपाटात ठेवून कुलूप लावलं. वापरले तर खराब होतील, हे आमच्याकडचं जुनं शहाणपण. निशाबाईंनी महिनाभर रोज जाऊन किल्ली मागितली. शेवटी मुख्याध्यापक त्यांना दुरून बघितलं तरी खिसा चाचपायला लागले, आणि सातवीला बुधवारचा पाचवा तास मिळाला. शोधतास.

पहिल्या तासाला मी खिडकीतून डोकावलो होतो. पोरांनी पहिल्या दहा मिनिटांत आपले सगळे जिव्हाळ्याचे प्रश्न विचारून घेतले. एकानं लिहिलं, शाळेला सुट्टी कशी मिळेल? यंत्रानं त्याला राष्ट्रीय सणांचं महत्त्व समजावून सांगितलं. दुसऱ्यानं लिहिलं, पाध्ये सर एवढे का चिडतात? त्याला उच्च रक्तदाबाची कारणं आणि लक्षणं मिळाली. पाध्ये सर म्हणजे मीच. श्याम पाध्ये, मराठी, अठ्ठावीस वर्षं. सबंध वर्ग हसला आणि बाईही हसल्या. मी तिथून निघालो, कारण मला चक्कर येत होती, आणि ते लक्षणांच्या यादीत तिसरं होतं.

हसून झाल्यावर बाईंनी वहीच्या पानावर तीन रकाने आखायला लावले. मी काय विचारलं. मला काय मिळालं. कोण म्हणतं. पुण्याला पुणे का म्हणतात असं विचारलं की तीन ठिकाणची तीन उत्तरं यायची. पोरं वैतागायची, "बाई, यातलं खरं कुठलं ते सांगा ना." बाई म्हणायच्या, "तिसरा रकाना भरा, मग बोलू." यंत्राऐवजी माणसाला विचारलं, तर तिसऱ्या रकान्यात त्या माणसाचं नाव आणि सही. सहीशिवाय मार्क नाहीत. सहामाहीपर्यंत ही पोरं इतकी तयार झाली, की मी फळ्यावर एका म्हणीचा अर्थ लिहिला तर मागच्या बाकावरून वही पुढे आली, "सर, सही."

आणि एक दिवस हे दुखणं आप्पांना जाऊन भिडलं.

आप्पा म्हणजे हिंदुराव धुमाळ, आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान, वय चौऱ्याहत्तर, आवाज चाळिशीतला. वर्षातून एकदा वर्गावर्गात फिरून ते पेठेचा इतिहास सांगतात. तसे सातवीत गेले आणि म्हणाले, "आमचं दुकान हे कसब्यातलं सगळ्यात जुनं दुकान."

पहिल्या बाकावरची अक्षता उभी राहिली. दहाही बोटं पुस्तकाला चिकटलेली असावीत अशी वाचणारी, शांत मुलगी. ती अगदी अदबीनं म्हणाली, "आप्पा, कोण म्हणतं?"

आणि वही पुढे केली.

आप्पा तिथून थेट शिक्षकांच्या खोलीत आले. उभ्यानंच बोलले. "ओव्हाळबाई, हे यंत्र पोरांना उलट बोलायला शिकवतं. डोळे झाकून त्याच्यावर विश्वास, आणि घरच्या मोठ्या माणसांना मात्र पुरावा मागायचा. पेठेतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला गाठा. तुमच्या यंत्राला जे सात जन्मांत मिळणार नाही, ते तो बसल्या जागी सांगेल. महिनाअखेरच्या सभेत हा तास बंद. त्या जागी गणित."

सभेत आप्पांनी एखादी गोष्ट मांडली की ती मंजूरच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाई पांढऱ्या पडल्या. तो एक तास त्यांनी महिनाभर किल्ली मागून मिळवला होता. मला त्या क्षणी, खोटं कशाला बोलू, थोडं बरं वाटलं.

मग त्या म्हणाल्या, "आप्पा, तोवर मुलांनी दोघांनाही विचारून बघितलं तर चालेल? यंत्रालाही आणि पेठेतल्या मोठ्या माणसांनाही?"

"खुशाल विचारा," आप्पा म्हणाले.

त्या बुधवारी बाईंनी सातवीच्या फळ्यावर प्रश्न लिहिला. कसबा पेठेत सोनबा घंटेवाले नावाचे कोणी गृहस्थ होऊन गेले का? यंत्रात शोधा. दोन मोठ्या माणसांना विचारा. सह्या आणा. बस्स, एवढंच. वर्गात एकतीस मुलं. एकतीस वह्या पेठेत सुटल्या.

रविवारी दुपारी अडीच वाजता माझ्या दाराची बेल वाजली. दुपारी अडीच वाजता सदाशिव पेठेत बेल वाजवायला एक तर आग लागलेली असावी लागते किंवा अक्कल गहाण पडलेली. दारात अक्षता.

"सर, सोनबा घंटेवाले म्हणून कोणी होते का?"

मी हे नाव आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. "माहीत नाही" एवढे दोन शब्द म्हणून दार लावता आलं असतं. पण हे दोन शब्द आमच्या घराण्यात कोणी उच्चारलेले नाहीत. पत्ता विचारणाऱ्याला आम्ही एक वेळ हाकलून देऊ, पण माहीत नाही म्हणणार नाही. त्यातून मी मराठीचा शिक्षक, चार पिढ्या पुण्यात. मला झोपेतून उठवून सातवीतल्या पोरीनं अडाणी ठरवावं, हे काही मला सोसण्यासारखं नव्हतं.

"होते तर," मी म्हणालो. "आमचे आजोबा सांगायचे. दर तासाला पितळी घंटा वाजवत पेठेतून फिरायचे. त्यांच्यावर म्हणसुद्धा आहे. सोनबा देई तास, तेव्हा पेठ घेई घास."

ही म्हण मी दारात उभ्या उभ्या केली. कशी सुचली देव जाणे. वर चांगली जमली म्हणून मी ती दोनदा म्हणून दाखवली. अक्षतानं लिहून घेतली, मी झोकात सही केली, आणि त्या दुपारी मला फार छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्या गेल्या मी बाईंना म्हणालो, "काय विषय दिलात हो. पेठेचा सगळा विसरलेला माणूस वर काढलात."

बाईंच्या पुढ्यात वह्यांचा ढीग होता. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "सर," त्या म्हणाल्या, "कोण म्हणतं?"

आणि त्यांनी एकेक वही उघडून माझ्यापुढे ठेवायला सुरुवात केली. यंत्राच्या रकान्यात एकतीसच्या एकतीस वह्यांत एकच ओळ, खात्रीची माहिती मिळाली नाही. माणसांच्या रकान्यात मात्र सोनबा घंटेवाले जिवंत झाले होते. लाल पागोटं घालायचे. नाही, पांढरं. उंच होते, बुटके होते, एका डोळ्यानं अधू होते. एका आजीबाई त्यांच्या घंटेवर आंघोळीचं पाणी तापवायच्या. एकांच्या माळ्यावर ती घंटा अजून आहे, फक्त सध्या माळा आवरायला माणूस मिळत नाही. अमृततुल्यवाल्यानं तर सांगितलं होतं, की सोनबा आमच्याकडेच चहा प्यायचे आणि साखर जास्त घ्यायचे. आणि यंत्र नाही म्हणत असताना तीस मुलांनी निष्कर्ष लिहिला होता, सोनबा घंटेवाले होऊन गेले. मोठी माणसं सांगतात.

"म्हणजे?" मी विचारलं. माझा आवाज मला थोडा लांबून आला.

"म्हणजे, सोनबा खराच होता, सर. फक्त कसब्यातला नव्हता. धाराशिवकडे, आमच्या आजोबांच्या गोठ्यात होता. बैल होता. घंटा त्याच्या गळ्यात."

मी खाली बसलो. बाई हसत होत्या. आवाज न करता, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. "आणि म्हण फार सुंदर आहे, सर," त्या म्हणाल्या. "बैलाला आवडली असती."

मी चिडलो. एकतर बैलावरची म्हण माझ्या सहीसकट वहीत होती. मी म्हणालो, ते पान फाडा. त्या म्हणाल्या, "सही तुमची आहे, सर. मी कशी फाडू?" मी म्हणालो, शिक्षकानं मुलांना खोटं सांगावं का? त्या म्हणाल्या, "मी कुठं सांगितलं? मी विचारलं. सांगितलं तुम्ही."

मग त्यांनी एक वही बाजूला काढली. अक्षताची. तिच्या आजी गोदाबाई गल्लीच्या तोंडाशी भाजी घेऊन बसतात, लातूरकडच्या. त्यांच्या नावापुढे अक्षतानं शब्दन् शब्द लिहिलं होतं. "मला न्हाई बा ठाऊक. मी इथली हाय का? ठाऊक नसताना कसं सांगू?" खाली वाकड्या अक्षरांत सही, गोदाबाई. आणि त्याखाली अक्षताचा निष्कर्ष. यंत्राला सापडले नाहीत. आजीला ठाऊक नाहीत. पाध्ये सरांना ठाऊक आहेत, पण त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलं आणि आजोबांना विचारता येत नाही. म्हणून अजून सापडले नाहीत असं मी लिहीत आहे.

"एकतिसात एक," बाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "सभेत सात माणसं असतात. दार बंद करून त्यांच्यापुढे ह्या वह्या ठेवीन. म्हणेन, मुलं यंत्रावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाहीत, आप्पा, आपल्यावर ठेवतात. म्हणून तर हा तास हवा. एवढंच बोलायचंय मला."

बेत चांगला होता. पण त्याला मधल्या सुट्टीपर्यंतच आयुष्य होतं.

मधल्या सुट्टीत आप्पा आले, चेहरा लग्नघरासारखा. म्हणाले, शाळेच्या दारात सोनबांच्या नावानं पितळी घंटा बसवायची. तांबट आळीत ओतायला टाकली सुद्धा. शनिवारी सकाळी दहाला सोहळा, पेठेतल्या जुन्या मंडळींना आमंत्रणं गेली, आणि सभा त्याच मांडवात, सर्वांच्या समोर. "यंत्र म्हणालं नाही. पेठ म्हणाली आहे. तिथंच जाहीर करतो बुधवारचा तास बंद म्हणून. आणि हो, पाध्ये, त्या तुमच्या म्हणीबद्दल ऐकलं. वा."

 बाईंनी जे दार बंद करून सांगायचं ते आता मांडवात, शे-दीडशे माणसांत आलं. तिथं सांगितलं तर आप्पांची शोभा आणि तास गेला. नाही सांगितलं तरी तास गेला.

"गप्प बसा," मी म्हणालो. माझा स्वार्थ होताच. "एक घंटा बसली म्हणून आभाळ कोसळत नाही."

"आणि अक्षताला काय मार्क देऊ?" बाईंनी विचारलं. "खरं लिहिलंय म्हणून पैकीच्या पैकी देऊन मग तिला त्या घंटेखाली उभी करू? चुकलं माझंच. गंमत करायला गेले." त्या एकच वही उघडत आणि मिटत होत्या. बाईंना असं बघायची मला सवय नव्हती, आणि ते मला आवडलंही नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर बाई आप्पांच्या दुकानात गेल्या. मीही गेलो, वाटेत पान फाडून मिळतंय का बघायला. मिळालं नाही. बाईंनी गल्ल्याशेजारी पाच वह्या ठेवल्या. पाच मुलांनी आप्पांना गाठलं होतं, म्हणून पाच वह्यांत आप्पांची सही होती. बाई म्हणाल्या, "आप्पा, एवढ्या वाचा. मग मला काय बोलायचं ते बोला."

आप्पांनी चष्मा लावला. पहिल्या वहीत सोनबा पानशेतच्या पुरात वाहून गेले होते. दुसरीत त्याच पुरात त्यांनी सात माणसं वाचवली होती. तिसरीत ते पुराच्या दहा वर्षं आधी वारले होते. चौथीत घंटा आप्पांच्या आजोबांनी घडवली होती, पाचवीत आजोबांनी ती काशीहून आणली होती. आप्पा पुन्हा पहिल्या वहीवर गेले. मग चष्मा काढून पुसला. आळीतून ठोक्यांचा आवाज येत होता, त्यातला एखादा कदाचित सोनबांच्याच घंटेवर पडत असेल.

"कोण हा सोनबा?" त्यांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं. बैल, गोठा, घंटा, सगळं. मी मधल्या काळात एक तपेलं निरखून बघत होतो.

आप्पा रागावले नाहीत, हेच जास्त भीतीदायक होतं. वह्या मिटत म्हणाले, "बाई, मला तो खरंच आठवत होता हो. पोरांना सांगताना मला घंटा ऐकू येत होती."

"मलाही येते," बाई म्हणाल्या. "आमच्या आजोबांच्या अंगणातली. म्हणून तर तेच नाव सुचलं."

"खड्ड्यात घातलंत मला."

"खड्डा मी खणला, आप्पा. त्याची माफी मागायलाच आलेय. पण पाच वेळा उडी आपण मारलीत."

"जा आता," आप्पा म्हणाले. आम्ही निघालो. वाटेत बाई एकच वाक्य बोलल्या, "गेला तास."

शनिवारी मांडव भरला. जुनी मंडळी झब्बे घालून पुढच्या खुर्च्यांवर, सातवी सतरंजीवर, शिक्षक मागे भिंतीला. मी भिंतीच्याही मागे जाता येईल का ते बघत होतो. आप्पांनी लाल कापड ओढलं. घंटा देखणी होती, त्याबद्दल वाद नाही. वर कोरलेलं होतं, कै. सोनबा घंटेवाले यांच्या स्मरणार्थ. टाळ्या झाल्या. आप्पा माईकपुढे आले आणि कागद न काढता बोलले.

"सोनबा घंटेवाले नावाचा माणूस कसब्यात झालेला नाही. मी सह्या केल्या होत्या. पाचही परत घेतो."

  पाच सेकंदही गेले नसतील, तोच पहिल्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत उठले. "काय बोलता, आप्पा? माझ्या वडिलांनी पाहिलाय त्याला." दुसरे उठले. "झालेला नाही काय? आमच्या माळ्यावर घंटा आहे त्याची." तिसऱ्यांना तर सोनबांचे वंशज सध्या कोथरूडला राहतात हेही ठाऊक होतं. मांडवात एकच कल्ला उडाला, आणि त्या कल्ल्यावर सतरंजीवरून एकतीस गळ्यांतून एकदम आवाज आला.

"कोण म्हणतं?"

कोणी शिकवलेलं नव्हतं. निशाबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. पुढच्या रांगेतले आजोबा उठले तसेच खाली बसले.

आप्पा हसले. "हे बरं शिकलीत," ते म्हणाले. "बुधवारचा तास राहील. ही घंटा त्याच तासाला वाजेल. सापडलं नाही असं कोणी लिहिलं होतं?" अक्षता उभी राहिली. आप्पांनी दोरी तिच्या हातात दिली. तिनं आधी मांडवाच्या टोकाला उभ्या असलेल्या गोदाबाईंकडे बघितलं आणि मग जोरात एक टोल दिला. निशाबाई उघड उघड रडत होत्या. मीही डोळे पुसले असते, पण खिशातला हात बाहेर काढायची मला हिंमत होत नव्हती. कारण सोनबा बैल होता हे ठाऊक असूनही सही मागे न घेणारा त्या मांडवात एक माणूस उरला होता, आणि तो मी होतो.

कोरलेलं खोडता येत नाही, म्हणून आप्पांनी पुढच्या आठवड्यात त्याखाली आणखी दोन शब्द कोरून घेतले. आता आमच्या शाळेच्या दारात कोणीही वाचू शकतं. कै. सोनबा घंटेवाले यांच्या स्मरणार्थ. कोण म्हणतं?

इथं गोष्ट संपली असती तर मला आवडलं असतं.

यंदा जूनमध्ये नवी सातवी आली. बाईंनी पुन्हा तोच प्रश्न दिला. आणि रविवारी दुपारी अडीच वाजता माझी बेल वाजली. दारात रुपाली नावाची मुलगी, हातात वही. तिचा दुसरा रकाना भरलेला होता.

"सर, यंत्राला सापडले," ती म्हणाली. "कसब्यातले विसरलेले लोक, असं एक पान आहे. सोनबा घंटेवाले होऊन गेले, असं लिहिलंय त्यात. पुरावा म्हणून जुनी म्हण दिली आहे. सोनबा देई तास, तेव्हा पेठ घेई घास."

मी चौकट धरली. आमच्यातल्याच कोणा उत्साही माणसानं ते एखाद्या खुल्या कोशात लिहून चढवलं असणार. गेल्या वर्षी यंत्राला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं सरळ नाही म्हटलं. आता ते माझी झोपेतली थाप सगळ्या महाराष्ट्राच्या पोरांना सांगणार होतं.

"माझ्याकडे कशाला आलीस?"

"बाईंनी सांगितलं. म्हणाल्या, म्हणीचं पाध्ये सरांना विचार. त्यांचा अभ्यास आहे."

मला दोन शब्दांत सुटता आलं असतं. आजोबा सांगायचे. पण वाघोलीत बसून ती बाई आत्ता पदर तोंडाला लावून हसत असणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"लिही," मी म्हणालो. "असा माणूस नव्हता. ती म्हण जुनी नाही. मी केली, ह्याच दारात, गेल्या वर्षी. मला ठाऊक नव्हतं आणि तसं म्हणायची लाज वाटली."

रुपालीनं सगळं लिहून घेतलं, लाजेसकट. मग तिसऱ्या रकान्यावर पेन टेकवून तिनं वर बघितलं.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो," मी म्हणालो, आणि तिच्या हातातून पेन घेऊन सही केली.